मी बेसबॉलचं मैदान सारवलं

बसा अशा ऐसपैस. चहा गार व्हायच्या आत घ्या, म्हशीच्या दुधाचा आहे, लगेच साय धरतो. तोवर माझी एक फजिती सांगते.

माझ्या फजित्या तशा पुष्कळ. एकदा लग्नात दुसऱ्याच्याच नवरदेवाला ओवाळून, त्याच्या तोंडात साखर घालून आले होते, आणि आमचा नवरदेव शेजारच्या मांडवात ताटकळत उभा! पण त्यात कुणाचं काही गेलं नाही. साखर तेवढी गेली. ही जी आता सांगते, ती ऐकून लोक पोट धरून हसतात. सांगताना मीही हसते. मग दोन दिवस मला जेवण गोड लागत नाही.

बेसबॉलचं मैदान कुणी शेणानं सारवलेलं ऐकलंय? नाही ना? मग बघून घ्या. ती बाई ही तुमच्यापुढं बसलीय!

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आमचं घर कोल्हापुरात, गल्लीच्या अगदी टोकाला. मागं गोठा, गोठ्यात दोन म्हशी, आणि गोठ्याच्या भिंतीपलीकडं शाळेचं मैदान. घरात माणसं दोनच. मी आणि माझी नात वैशाली.

वैशी माझ्या लेकीची लेक. पोर चार वर्षांची असताना माझी लेक तापानं गेली. जावई इचलकरंजीला मागावर कामाला. त्यानं दुसरं लग्न केलं, दोन पोरं झाली. वाईट नव्हता हो माणूस. पण पाळीचा माणूस तो, आला की झोपायचा, उठला की जायचा. म्हणून वैशी माझ्याकडं राहिली.

त्या दिवाळीला जावई आला. फराळाच्या ताटावर बसूनच म्हणाला, "मामी, पोरगी आता तेरा वर्साची झाली. माझी बायकू मागाच्या सुताच्या कांड्या भराय जातीया. धाकट्या दोघांस्नी बघाय घरात कोण न्हाय. मे म्हैन्यात वैशीला न्हितो."

"आनि शाळा?"

"आठवी हुतीया की. लई झालं."

मी भांडले. रडले. ताट उचलून आत नेलं. मग परत आणून वाढलं, चार लाडू जास्तच वाढले. जावयाला उपाशी ठेवायची छाती कुणाची आहे?

तर अशा वेळी आमच्या मैदानात हे बेसबॉल उपटलं.

आता कोल्हापूर म्हणजे कसं, पोरगं चालायला लागलं की एक तर तालमीत जातं, नाहीतर फुटबॉलच्या मागं पळतं. पोरींनी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या. पण शाळेत खेळाचे नवे मास्तर आले होते. वय पंचवीसभर, अंगानं काडी, आवाज मात्र ढोलासारखा. त्यांनी पोरींचा संघ काढला. त्यात आमची वैशी.

मला खेळातलं काय कळतंय! एक पोरगी चेंडू टाकते, दुसरी दांडक्यानं हाणते आणि पळत सुटते. पंगतीला पाट मांडावेत तशी चार कोपऱ्यांना चार ठिकाणं, त्यांना बेस म्हणायचं. मी आपली पाटच म्हणते. चारी पाटांना पाय लावून आली की झाली एक धाव. आणि समोरच्या पोरींनी चेंडू अडवून तिच्याआधी पाटावर पोचवायचा. एवढंच.

वैशीची जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या पाटाच्या मधे. मास्तर म्हणायचे, जमिनीवरून सरपटत येणारे सगळ्यात जास्त चेंडू तिथंच येतात.

यायचे की! आणि जायचेही. एकीला अडवता येईल तर शपथ! पोरी ताठ उभ्या, विजेच्या खांबासारख्या. चेंडू दोन पायांतून आरपार, थेट माझ्या गोठ्याच्या भिंतीला. मी भिंतीला शेणी थापत असायचे. थापलेल्या शेणीत दोनदा चेंडू रुतून बसला!

"खाली वाका! बूड खाली! हात जमिनीला!" मास्तरांचा घसा बसला ओरडून.

चौथ्या दिवशी मला राहवेना. भिंतीवरून हाक मारली, "अवो मास्तर, त्या अशा वाकायच्या न्हाईत!"

"मग कशा वाकतील आज्जी?"

"शेण द्या की त्येंच्या हातात!"

पोरी खिदळल्या. वैशीनं लाजेनं तोंड लपवलं. मास्तर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "दाखवा बरं."

घ्या! कासोटा आवळला आणि उतरले मी मैदानात.

सारवताना बाई कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, बूड खाली, नजर हाताच्या पुढं, आणि हात इकडून तिकडं मोकळे फिरते. तशी उभी राहिले आणि म्हणाले, "टाका आता चेंडू." मास्तरांनी घाबरत घाबरत सोडला. आला गडगडत. मी धरला! दुसरा टाकला, तोही धरला. म्हटलं, "जरा जोरात टाका की, जेवला न्हाईसा व्हय?"

मग पोरींना म्हटलं, "हे बघा गं. चेंडू म्हंजी कोंबडीचं पिल्लू समजा. वरनं झडप घातली की पळतंय. एक हात खालनं घालायचा, पिल्लू हातात आलं की दुसऱ्या हातानं झाकायचं. आनि ते येतंय म्हणून वाट बघत बसायचं न्हाय. आपण म्होरं जायाचं."

मास्तर डोकं खाजवत म्हणाले, "आज्जी, मी पुस्तकात अगदी हेच वाचलंय हो. फक्त त्यात पिल्लू नव्हतं."

झालं! रोज संध्याकाळी धारा काढायच्या आधी अर्धा तास मी मैदानात. पोरी मला आज्जी-मास्तर म्हणायला लागल्या. मैदान असं खडबडीत, की चेंडू सरळ येईल तर नवल! कुठं खडा, कुठं खड्डा. म्हणून मी त्यांना टप्पे मोजायला शिकवलं. "एक टप्पा... दोन टप्पे... तिसरा उठायच्या आत हात घाला!" वैशी तर झोपेतही मोजायची. दोन महिन्यांत पोरगी अशी तयार झाली, की माझ्या भिंतीवरच्या शेणी निवांत वाळायला लागल्या.

मग एक दिवस मास्तर घरी आले. म्हणाले, फेब्रुवारीत आपल्याच मैदानावर बाहेरचे लोक निवडीला येणार आहेत. ज्या पोरी निवडल्या जातील त्यांना पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात जागा. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथंच. बारावीपर्यंत.

मी जावयाला निरोप धाडला. तो आला, ऐकून घेतलं, बराच वेळ तळहात चोळत बसला. मग म्हणाला, "निवड झाली तर मी आडवा येणार न्हाय मामी. माझं पोर शिकलं तर मला नको हाय का? पर न्हाय झाली तर मे म्हैन्यात न्हेणार. मग रडारड नको."

"न्हाय रडत जा!" मी म्हटलं.

आता आली ती निवड! आणि बरोबर आठ दिवस आधी काय व्हावं? सरावात एक चेंडू खड्यावर आपटून उसळला आणि वैशीच्या ओठावर बसला. दोन टाके पडले. पोरीनं हूं का चूं केलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून चेंडू आला की मान अशी किंचित बाजूला जायची. एवढीशीच. मास्तर म्हणाले, "जाईल भीती, दोन-तीन दिवसांत जाईल." आणि खरंच गेलीही. शुक्रवारी तिनं सगळे चेंडू सरळ तोंड करून धरले.

पण माझ्या डोक्यातून जाईना ना! मला सारखा तो खडा दिसायचा. मनात म्हटलं, सगळा दोष त्या मैदानाचा. एवढे पाहुणे येणार, एवढी मोठी निवड, आणि पोरींना अशा उखडलेल्या जमिनीवर उभं करायचं? आपल्यात पाहुणे येणार म्हटलं की आधी काय करतात?

आलं ना लक्षात?

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मास्तर जादा हातमोजे मागून आणायला कागलला गेले. वैशीला मी दळण घेऊन गिरणीत पाठवलं. आणि शेजारच्या हौसाक्काला हाक मारली, "हौसाक्का, घमेलं घिऊन ये गं! आनि तुझ्या दोन्ही जावांस्नीबी आण!"

"कुणाचं लगीन काढलंस?"

"मैदान सारवायचं हाय!"

"आक्कं?"

"आक्कं कशाला? त्या चार पाटांच्या मधलं तेवढं!"

चौघी जमलो. आधी खडे वेचले. मग पाणी शिंपडलं. चोपण्यांनी जमीन चोपली, खळं करतात तशी. मग पांढरी माती आणि शेण कालवून एका कडेनं सारवत मागं मागं सरत आलो. गल्लीतल्या सगळ्या म्हशींचं शेण संपलं हो त्या दुपारी! हौसाक्का गाणी म्हणत होती. दिवस मावळायच्या आत असं मैदान झालं, असं झालं, की त्याच्यावर ताट न ठेवता जेवावं! शेवटी मला राहवलं नाही. घरचा पाट असतो ना, जिथं पळून परत यायचं, त्याच्या भोवती मी रांगोळी काढली.

मास्तर उशिरा आले ते थेट त्यांच्या खोलीवर गेले. मैदानाकडं फिरकले नाहीत. नशीब म्हणतात ते हेच.

रविवारी सकाळी पाहुणे आले. बाहेरच्या शाळेचा संघ आला. निवड करणारे तिघं, त्यातले मोठे साहेब टोपीवाले, हातात वही. आणि पहिली गंमत काय झाली? बाहेरच्या संघाच्या पोरी मैदानाच्या कडेपर्यंत आल्या आणि सगळ्यांनी बूट काढले! सारवलेल्या जागेवर पायताण घालून जायचं कसं? वळण लागलेल्या पोरी. एका साहेबांनीही वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली, मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मास्तर आले, बघितलं, आणि जागच्या जागी उभे राहिले.

"आज्जी, हे... हे काय?"

"सारवलंय!" मी म्हटलं. छाती ही एवढी!

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? आपल्या पोरींचं काम हाय."

मास्तरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मला वाटलं, आनंदानं.

खेळाआधी दोन्ही संघांनी भिंतीकडच्या बाजूला सराव केला. ती बाजू सारवलेली नव्हती. तिथं वैशीनं एकामागून एक दहा चेंडू उचलले. दहाच्या दहा! टोपीवाल्या साहेबांनी शेजारच्या साहेबांना कोपरानं ढोसलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मग खेळ सुरू झाला.

आता मला काय ठाऊक, की शेणानं सारवलेली, चोपलेली, उन्हानं वाळलेली जमीन म्हणजे आरसा! पहिलाच चेंडू वैशीकडं आला. पोरगी सारवायला बसल्यासारखी झकास वाकली. ओठ हलले, टप्पा मोजायला लागली. एक... पण टप्पा कुठला? चेंडू उसळलाच नाही. जमिनीला चिकटून सुर्रकन आला आणि तिच्या हाताखालून निघून गेला. टप्प्याची वाट बघत हात वर राहिले होते पोरीचे. मी शिकवलं होतं तसेच.

दुसरा चेंडू, तेच.

आमच्या बाकीच्या पोरींचंही तेच. बाहेरच्या पोरींचं काही बिघडलं नाही, त्या त्यांच्याकडच्या गुळगुळीत मैदानावर खेळणाऱ्या. आमच्याच पोरी आमच्याच अंगणात पाहुण्या झाल्या.

तिसरा चेंडू जरा लांबून आला. वैशीनं ठरवलं असावं, आता मोजायचं नाही. धावली. आणि जिथं आम्ही दोन हात देऊन जाड सारवलं होतं तिथं वरची पापडी वाळली होती, खाली ओलं होतं. पाय सटकला. पोरगी बसल्या बसल्या चार हात घसरत गेली. पांढरा गणवेश कमरेपासून खाली हिरवागार!

लोक असे हसले, असे हसले! आणि बायांनो, मीही हसले. तोंडाला पदर लावून हसले. खोटं कशाला सांगू? दिसायलाच ते तसं होतं.

मग ती उठली. माझ्याकडं बघितलं नाही. कुणाकडंच बघितलं नाही. हाताला लागलेलं शेण गणवेशालाच पुसलं आणि परत जाऊन तिच्या जागेवर वाकून उभी राहिली. तेव्हा माझं हसू बंद झालं.

पण माझी खरी फजिती ही नव्हे. अजून पुढंच आहे.

खेळ संपला. आम्ही हरलो. टोपीवाले साहेब वही घेऊन मास्तरांकडं आले. मी, हौसाक्का आणि तिच्या जावा तिथंच पाहुण्यांना पाणी देत होतो. साहेब सारवलेल्या जमिनीवर बुटाचं टोक घासत म्हणाले, "काय सुंदर मैदान ठेवलंय हो! पण मला सांगा, रोज असंच असतं, की आजच्यासाठी काही केलंय?"

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं.

आता तुम्हीच सांगा. पाहुणे येणार म्हणून आपण आदल्या दिवशी कोळिष्टकं काढतो, भांडी घासतो, भुई सारवतो. पाहुणा दारात येऊन म्हणाला, 'काय झकास ठेवलंय हो घर!', तर आपण काय म्हणतो? 'काल कंबर मोडेपर्यंत राबलो' असं कधी म्हणतो का? पदर सावरून म्हणतो, 'छे हो, रोजचंच आहे आमचं!' माझ्या आईनं मला हेच शिकवलं, मी माझ्या लेकीला शिकवलं.

मास्तरांच्या तोंडातून शब्द निघायच्या आत मी मधे घुसले. "रोज असंच आस्तंय सायेब! दर शनवारी सारवतो आमी! आमच्या पोरी ह्येच्यावरच शिकल्यात!"

"व्हय व्हय, वर्सभर!" हौसाक्का म्हणाली.

"पावसाळ्यातबी!" तिची धाकटी जाऊ म्हणाली. पावसाळ्यात! त्या मैदानात पावसाळ्यात म्हशी डुंबायच्या!

साहेब म्हणाले, "अस्सं." आणि वहीत काहीतरी खोडलं.

मास्तर म्हणाले, "नाही, तसं नाही सर, म्हणजे..." मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "घ्या मास्तर, दमलायसा."

यादी वाचली. आमच्या शाळेच्या दोन पोरी निवडल्या गेल्या. वैशाली नव्हती.

साहेबांची जीप गेल्यावर मास्तर गोठ्याशी आले. मी म्हशीला वैरण टाकत होते. ते म्हणाले, "आज्जी, त्यांनी का विचारलं माहीत आहे? वैशालीचा सराव त्यांना फार आवडला होता. मैदान आजच बदललं असेल तर दोष पोरीचा नाही, पुढच्या रविवारी कागलला तिला परत बघू, असं त्यांच्या मनात होतं. मी जीपच्या मागं पळत गेलो. ते म्हणाले, चार बायका एक सांगतात, तुम्ही एकटे दुसरंच सांगता. हरलेल्या संघाचा मास्तर असंच सांगतो."

वैरणीची पेंढी माझ्या हातातच राहिली.

ओरडले असते मास्तर तर बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी कागलला गेले. नऊवारी लुगडं, हमरस्ता, शेजारून उसाचे ट्रक, आणि मी मास्तरांचा सदरा दोन्ही मुठींत धरून डोळे मिटलेले. साहेब तिथल्या शाळेत होते. मी त्यांच्यापुढं हात जोडले. "सायेब, मी खोटं बोलले. मैदान परवा सारवलं. पोरीला परत बघा."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "आज्जी, तुमच्या शाळेची यादी काल संध्याकाळीच गेली हो पुण्याला, आता त्यात नाव घालता येत नाही. काल का नाही बोललात?"

"काल पावणं हुतासा तुमी!"

ते हसले. मग हसता हसता थांबले. शिपायाला म्हणाले, आज्जींना चहा आण. मी तो चहा घेतला नाही. आयुष्यात नाकारलेला तो एकच चहा.

घरी आले तर वैशी उंबऱ्यात बसली होती. "आज्जे, कुठं गेलतीस गं?"

"कागलला. म्हशीला पेंड आणाय."

तिनं माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, "आज्जे, तू वाईट वाटून घिऊ नगंस. मलाच जमलं न्हाय काल." आणि उठून तिनं मला पाणी आणून दिलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू, परवा सांगू करत मे महिना आला.

जावई आला. मी म्हटलं, "आजून एक वरीस..." तो खाली बघून म्हणाला, "मामी, ठरलं हुतं न्हवं?" ठरलं होतंच. वैशीनं मास्तरांचा हातमोजा पुसून परत केला. जायच्या दिवशी पहाटे उठून दोन्ही म्हशींच्या धारा काढल्या, पाणी भरलं, मला भाकरी करून ठेवली. एस.टी.त खिडकीशी बसली. गाडी हलली तशी म्हणाली, "आज्जे, धाकटीला मी नसल्यावर गूळ घालत जा, म्हंजी पान्हवंल." धाकटी म्हणजे धाकटी म्हैस. गूळ घातला तरी ती दोन दिवस पान्हवली नाही.

मास्तरांची पुढच्या वर्षी बदली झाली. संघ मोडला.

वैशीनं सावत्र भावंडं सांभाळली, मग कांड्या भरल्या, मग तिथंच इचलकरंजीत तिचं लग्न झालं. आठ वर्षांनी मी तिच्या घरी चार दिवस राहायला गेले. भिंतीपलीकडं माग खटाखट चाललेले, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. तिची दोन वर्षांची पोर खोलीभर दुडदुडत होती. वैशी तांदूळ निवडत होती. तिच्या ओठावरची ती टाक्यांची खूण उन्हात दिसली आणि मला एकदम धीर आला, की धीर सुटला, कोण जाणे. मी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी काय विचारलं, मी काय बोलले, कागलला कशाला गेले होते, सगळं. ओरडून ओरडून सांगितलं, मागांच्या आवाजात ऐकू जावं म्हणून. कबुली अशी ओरडून देणारी मी पहिलीच असेन!

वैशीनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. म्हणाली, "मला ठावं हाय की."

"काय ठावं हाय?"

"तू सायबास्नी काय बोललीस ते. तुझ्या मागंच उभी हुती की मी, पाणी प्यायला. आनि मास्तर आदल्या दिशी शाळेत म्हनालं हुतं पोरींस्नी, मैदान खराब निघालं तर परत चाचणी घेत्यात म्हणून. साहेब का इचारत्यात ते मला लगेच कळालं."

मी आणखीच मोठ्यानं ओरडले. "अगं मग बोलली का न्हाईस? एक शब्द बोलायचा! आजी खोटं बोलतीया, कालच सारवलंय, एवढं म्हणायचं!"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी भलतंच विचारलं असावं तशी.

"पावण्यांच्या म्होरं?" ती म्हणाली. "तुला खोटं पाडू व्हय?"

आयुष्यभर तोंडाला कुलूप नसलेली बाई मी. दुसऱ्याच्या बोलण्यात घुसणारी, न विचारता सांगणारी. पण त्यावर मला काही म्हणता येईना. गप्प बसले. अगदी गप्प.

आठ वर्षं उशिरा बसले.